दोन काळ्या खडकांच्या मध्ये : बीजाणू प्रकल्पाच्या नोंदी

२७ मे

हिमायतनगरच्या पुढे मावशीच्या गावात विहीर खोल करायचं काम सुरू आहे. मावशी फोनवर सहज बोलून गेली, "काळा दगड सरला न् मधीच राखाडी चिकट माती लागली बघ." एवढं ऐकलं आणि आज पहाटेच्या गाडीनं नांदेडहून निघाले.

दुपारी यारीवाले जेवायला बसले तेव्हा कमरेला दोर बांधून खाली उतरले. सुरुंगामुळे भिंतीत ताजा छेद उघडा पडलेला. वरून खाली बघत गेलं तर आधी काळी माती, मग मुरूम, मग एकसंध काळा पाषाण. त्याच्या तळाशी हातभर राखाडी थर, त्याखाली तांबडा थर, आणि त्याच्याही खाली पांढऱ्या खड्यांनी भरलेला मांजऱ्या, म्हणजे भोकं भरलेला लाव्ह्याचा दगड. म्हणजे खालचा लाव्हा आधी आला, थंड झाला, त्याचा माथा झिजून तांबडा झाला. त्यावर पाणी साचलं, गाळ बसला. मग दुसरा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. ही सगळी घडामोड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. दख्खनच्या लाव्ह्यानं आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीत त्याची जाडी प्रचंड आहे, आमच्या पूर्वेकडच्या टोकाला तो पातळ होत जातो. देगलूर-बिलोलीकडे तर त्याच्या खालचा ग्रॅनाइटच वर आलेला दिसतो.

मला हवा आहे तो मधला हातभर थर. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात इथं काय उगवत होतं, ते सांगणारं दुसरं काही या विहिरीत नाही.

नमुने तळाकडून वर घेत गेले, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडत नाही. आधी बाहेरचा पृष्ठभाग खरवडून टाकायचा, प्रत्येक वेळी पातं पुसायचं, नमुना लगेच पिशवीत बंद करायचा. तांबड्या थराचाही एक घेतला. विहीरवाले काका वरून विचारत होते, "गाळ कामून न्यायलीस बाई? पाणी कवा लागंल तेवढं सांग." पाझर मात्र त्या राखाडी थराच्या माथ्यावरूनच सुटलेला होता. तसं सांगितल्यावर त्यांनी स्वतः वाकून पाहिलं.

५ जून

प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी पिशव्या पाहिल्या, तांबडी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "हिच्यात काही मिळणार नाही, पण आधी हीच कर."

कारण असं. बीजाणू म्हणजे नेचासारख्या (फर्नसारख्या) बिनफुलांच्या वनस्पतींचे, बियांऐवजी पसरणारे सूक्ष्म दाणे. त्यांची आणि परागकणांची बाहेरची भिंत स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याची असते. आम्लाला ती दाद देत नाही, कुजवणाऱ्या जिवाणूंना सहज पचत नाही, कोट्यवधी वर्षं दगडात टिकते. तिला मारतो तो ऑक्सिजन. तांबडा रंग म्हणजे लोहाचं ऑक्सिडीकरण झालेलं, म्हणजे ती माती उघड्या हवेत पुष्कळ काळ पडून होती. राखाडी किंवा काळ्या गाळावर पाणी उभं होतं, हवा पोचत नव्हती, म्हणून तिथं आशा. तांबडा नमुना रिकामा निघाला की आपली पद्धत आणि आपली भांडी स्वच्छ आहेत याची खात्रीही होते.

१४ जून

पद्धत ठरली. नेहमीची वाट म्हणजे चुन्याचा अंश घालवायला हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सिलिका विरघळवायला हायड्रोफ्लोरिक. हे दुसरं आम्ही आमच्या प्रयोगशाळेत आणणार नाही. ते कातडीतून आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. योग्य धूरकक्ष आणि हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असल्याशिवाय त्याची बाटली उघडूच नये.

आमची वाट लांबची आहे. गाळ बारीक करून सौम्य हायड्रोक्लोरिकमध्ये ठेवायचा, धुवायचा. मग कॅलगॉनच्या द्रावणात, म्हणजे मातीचे कण एकमेकांपासून सुटतात. १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नायलॉन जाळीतून धुवून चिकणमाती खाली जाऊ द्यायची. बीजाणू बहुतेक २० ते १०० मायक्रॉनचे, ते वर राहतात. उरलेला गाळ झिंक क्लोराइडच्या जड द्रावणात घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा. खनिजं तळाला जातात, सेंद्रिय कण वर तरंगतात. तो तरंग पिपेटनं उचलायचा, धुवायचा, ग्लिसरीन जेलीत बसवायचा. सांगायला सोपं आहे. जाळीवर पाणी सोडत तासन्‌तास उभं राहावं लागतं.

३ जुलै

तांबडा नमुना: काही नाही. मॅडम म्हणाल्या तसंच.

राखाडी, तळाचा: कोळशाचे बारीक तुकडे, पानाच्या बाह्यत्वचेचे तुकडे (पेशींच्या भिंती स्पष्ट), बुरशीचे बीजाणू. पहिल्या स्लाइडवर याहून जास्त काही नव्हतं. दुसऱ्या स्लाइडच्या अगदी कडेला एक तपकिरी, गोलसर त्रिकोणी दाणा दिसला. फोकस थोडा वर घेतला आणि मध्यभागी तीन रेघा उमटल्या, एका बिंदूतून निघून तीन कोपऱ्यांकडे गेलेल्या. त्रिरेख बीजाणू. मी मॅडमना हाक मारली तेव्हा माझा आवाज संपूर्ण विभागात गेला असणार.

त्या तीन रेघांचा अर्थ लिहून ठेवते, कारण गावी सगळ्यांनी तेच विचारलं. नेचाच्या बीजाणूपेटीत एका मातृपेशीचं अर्धसूत्री विभाजन होऊन चार बीजाणू तयार होतात आणि ते एकमेकांना चिकटून वाढतात. ओले चार लाडू एकावर तीन असे दाबून ठेवले तर प्रत्येकावर बाकीच्या तिघांचा ठसा उमटतो, तशी ही खूण. सुटे झाल्यावरही ती राहते. म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या एका पेशीविभाजनाची भूमिती मी आज दुपारी पाहिली. चौघं एकाच पातळीत शेजारीशेजारी बसले असते तर एकच सरळ रेघ उमटली असती. तसलेही नेचे असतात.

आणखी मागे गेलं तर असे सूक्ष्म दाणेच जमिनीवरच्या वनस्पतींचा सर्वांत जुना पुरावा ठरतात. अर्जेंटिनातून साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वीचे बीजाणूसदृश कण मिळाले आहेत, त्यांतले कित्येक अजून चौकडीतच, सुटेही न झालेले. त्या काळातलं एकही खोड, एकही पान हाती नाही. कुकसोनियासारखी उभी वनस्पती दगडात दिसायला त्यानंतर जवळपास ४ कोटी वर्षं जावी लागतात. तोपर्यंत हिरवळ होती याची साक्ष फक्त या धुळीची.

९ जुलै

दाणा खरंच जुना आहे की आजचा, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. ग्लिसरीन लावलेली कोरी काच टेबलावर दिवसभर उघडी ठेवली. संध्याकाळी त्यावर गवताचे परागकण, गाजर गवताचे काटेरी परागकण आणि बुरशीचे बीजाणू होते. नेचाचा एकही नाही. आजच्या दाण्यांच्या आत जीवद्रव्य असतं, सॅफ्रानिननं ते भडक रंगतं, दाणा फुगीर राहतो. विहिरीतले दाणे चपटे दबलेले, आतून रिकामे, स्वतःच तपकिरी. यापुढे प्रत्येक स्लाइडसोबत एक कोरी काच ठेवणार.

१२ ऑगस्ट

जुना दाणा ओळखायचा तर नवा हाताशी हवा. म्हणून सध्या इथले जिवंत नेचे गोळा करणं चालू आहे. मराठवाड्यात नेचे कुठले, असं वर्गातल्या मुली म्हणत होत्या. जुन्या बारवेत उतरून पाहावं! दगडांच्या सांध्यात, उन्हाची तिरीप पोचत नाही तिथं हंसराज दाटून आलेला असतो. म्हैसमाळच्या कातळावर मयूरशिखा. भाताच्या खाचरात आणि तळ्याच्या काठाला चार पानांची मार्सिलिया. तिची बीजाणूफळं कोरडी पडली तरी कित्येक वर्षांनी ओली केल्यावर उगवतात. आमच्यासारख्या अवर्षणाच्या मुलखात ती टिकते ती यामुळेच.

हंसराजच्या पानाची दुमडलेली कड कागदावर रात्रभर उलटी ठेवली. सकाळी तपकिरी पूड पडलेली होती. सूक्ष्मदर्शकाखाली गुळगुळीत, गोलसर त्रिकोणी, त्रिरेख. माझ्या विहिरीतल्या दाण्याशी इतकं साम्य की आनंद झाला आणि लगेच अडचणही कळली. गुळगुळीत त्रिरेख बीजाणू अनेक कुळांत असतात. एवढ्या एका दाण्यावरून 'हा हंसराज' म्हणणं चूक. म्हणूनच या शास्त्रात सुट्या जीवाश्म बीजाणूला झाडाचं नाव न देता त्याच्या आकाराचं वेगळं नाव देतात, आणि झाडाशी नातं स्वतंत्रपणे सिद्ध करतात.

३० ऑगस्ट

एका दाण्यानं काही ठरत नाही. कोण, किती, कुणासोबत, यातूनच गोष्ट कळते. दोन दिवस वाचत होते ते सगळं याच दिशेचं.

१९८१ मध्ये न्यू मेक्सिकोच्या रॅटन खोऱ्यातल्या खडकात इरिडियम या उल्कांत जास्त असणाऱ्या धातूचा असाधारण साठा सापडला, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटाच्या वेळी उल्का आदळल्याचा पातळ थर. तिथंच सपुष्प वनस्पतींचे परागकण एकाएकी घटतात आणि नेचांचे बीजाणू उसळतात. पुढच्या अभ्यासात काही नमुन्यांत ते ७० टक्क्यांच्याही वर गेलेले दिसले. थोड्या उंचीवर पुन्हा सपुष्प परत येतात. जंगल जळालं, अंधारलं, आणि मोकळ्या जमिनीवर आधी नेचे आले. अनेक नेचांचा एकच बीजाणू वाऱ्यानं येऊन नवी पिढी सुरू करू शकतो, परागवाहक कीटक लागत नाही, जोडीदारही लागत नाही. हे डोळ्यांनी पाहिलेलंही आहे: १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला, १८८६ मध्ये ट्रॉइब हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर गेला तेव्हा तिथल्या नव्या हिरवळीत नेचांचंच राज्य होतं.

बीजाणू बिघडतात तेव्हाही सांगतात. ग्रीनलँडच्या पूर्वेकडच्या खडकांतून, सुमारे ३५.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतून, वेडेवाकडे काटे आलेले आणि गडद भिंतीचे बीजाणू २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ओझोनचा थर विरल्यामुळे अतिनील किरणांनी ते तसे झाले, असा त्या अभ्यासकांचा निष्कर्ष. मला हे वाचून बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही. एका झाडाच्या एका पेशीला झालेली इजा इतकी वर्षं वाचता येते.

२२ सप्टेंबर

विभागाच्या कपाटात जुन्या अभ्यास सहलीची एक पेटी आहे: मोहगाव कलानचे चर्ट, म्हणजे सिलिकेचे कठीण दगड. मध्य प्रदेशात सौंसरजवळचं हे गाव. महाराष्ट्रातल्या कित्येक वनस्पतिशास्त्र विभागांच्या पिढ्या तिथल्या शेतांतून दगड वेचून आल्या आहेत. तिथंही माझ्या विहिरीसारखंच, दोन लाव्ह्यांच्या मधलं तळं. फरक एवढाच की तिथल्या पाण्यात सिलिका विरघळलेली होती, ती वनस्पतींच्या पेशीपेशीत मुरली आणि सगळं जसंच्या तसं दगड झालं.

चर्टसाठी आम्ल लागत नाही. चकती कापायची, एक बाजू कार्बोरंडमच्या पुडीनं काचेवर घासायची, काचपट्टीला चिकटवायची, मग दुसरी बाजू घासत जायची. उजेड आरपार जाऊ लागला की थांबायचं. शेवटच्या टप्प्याला अंदाज हाताला कळतो, डोळ्याला नाही.

तिसऱ्या पट्टीत मुळांचे छेद, जलवनस्पतींच्या हवेच्या पोकळ्या, आणि मध्ये फेसाळ पोताचे अनियमित गोळे, ज्यांच्यात लहान बीजाणू रुतलेले. कडेला बारीक केस. मॅडम खुर्चीत बसून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही अझोला." म्हणजे पाण्यावर तरंगणारा छोटा नेचा. सूक्ष्मबीजाणूंचा गठ्ठा, मॅस्युला म्हणतात तो. केसांची टोकं छेदाच्या पातळीत आलेली नाहीत, त्यामुळे जातीचं नाव नोंदीत लिहिलं नाही.

याच भागातल्या चर्टमधून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि एच. एस. राव यांनी 'अझोला इंटरट्रॅपिया' जगापुढे ठेवली. पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. तेव्हा अझोला ही तृतीयक काळाच्या आधी माहीतच नव्हती. ती, पाम आणि इतर वनस्पती धरून साहनींनी मांडलं की दख्खनचा लाव्हा तृतीयक काळातला, डायनोसॉरांच्या नंतरचा. हातात असलेल्या पुराव्यावरून ते बरोबर विचार करत होते. नंतर इतर खंडांतून क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातली अझोला मिळाली, आणि दख्खनच्या अनेक आंतरलाव्हा थरांतून गॅबोनीस्पोरिस हा बीजाणू आणि अ‍ॅक्विलापोलेनाइट्स हा परागकण निघाला. हे क्रिटेशियसच्या अगदी शेवटच्या टप्प्यातले सोबती. समस्थानिकांवरून काढलेली वयं आणि प्राण्यांचे जीवाश्मही त्याच बाजूला आले: बरेचसे थर क्रिटेशियसच्या शेवटाचे, काही त्यानंतरचे. जी वनस्पती पुरावा म्हणून उभी राहिली होती तिचा आधार गेला, आणि निकाल फिरवण्यात पुन्हा बीजाणू-परागकणांचाच हात होता.

साहनींनी ३ एप्रिल १९४९ ला लखनौच्या पुरावनस्पतिशास्त्र संस्थेची कोनशिला बसवून घेतली, तीत वेगवेगळ्या काळातले जीवाश्म जडवलेले आहेत. आठवडाभरात ते गेले. ते असते तर या दाण्यांचं मनापासून स्वागत त्यांनीच केलं असतं, असं मला वाटतं.

६ ऑक्टोबर

आर्क्टिक महासागराच्या तळातून २००४ मध्ये काढलेल्या गाळाच्या स्तंभात ४.९ कोटी वर्षांपूर्वीचे अझोलाचे थर आहेत, कित्येक मीटर जाडीचे. सुमारे ८ लाख वर्षं ही पाणवनस्पती तिथं पुन्हा पुन्हा पसरत होती. म्हणजे समुद्राच्या माथ्यावर गोड्या पाण्याचा थर होता. एका गठ्ठ्यावरून पाण्याची चव कळते.

१९ डिसेंबर

घरी आले आहे. बाबांनी शेळ्यांसाठी प्लास्टिक अंथरून अझोलाचा खड्डा केला आहे. आमच्या भागात आता बरेच जण करतात, चाऱ्याच्या दिवसांत आधार होतो. ऑगस्टपासून प्रत्येक वेळी घरी आले की मी खालच्या बाजूनं मुळाजवळ पाहत होते, नुसत्या फांद्या. अझोला बहुधा तुटून तुटूनच वाढते, बीजाणू धरायचं मनावर घेत नाही.

थंडी पडली, खड्डा दाटला, वरची पानं तांबूस झाली, आणि आज फांद्यांच्या खाली जोडीजोडीनं बीजाणूफळं सापडली. मोठी गोल ती सूक्ष्मबीजाणूंची, लहान निमुळती ती महाबीजाणूची. एक मोठं फळ काचेवर फोडलं, आतून पिशव्या निघाल्या, पिशवीतून मॅस्युला: तोच फेसाळ पोत, त्यात तेच रुतलेले दाणे. चर्टच्या पट्टीचे फोटो फोनवर शेजारी धरून बाबांना दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे शेळ्या काय खायलेत हे तरी कळलं." मग स्वतःच विचारलं, तेव्हा त्याला खाणारं कोण होतं? त्या तळ्यांच्या काठी मोठे डायनोसॉर होते, हे सांगितल्यावर खड्ड्याजवळ बराच वेळ बसले.

नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले. हा संग्रह आता विभागाचा.

१७ जानेवारी

मोजणी संपली. एका पातळीवर निदान २०० दाणे मोजावेत असा सर्वसाधारण संकेत आहे. वरच्या दोन नमुन्यांत तेवढे मिळाले नाहीत, ते तसं लिहिणार.

अहवालात काय उभं राहतं: राखाडी थरात तळापासून माथ्यापर्यंत नेचांचे त्रिरेख बीजाणू आहेत, सपुष्प वनस्पतींचे परागकण मोजके. कोळसा तळाशी जास्त, वर कमी. पानांच्या त्वचेचे तुकडे मोठे आणि न झिजलेले, म्हणजे ते लांबून वाहून आलेले नाहीत, काठावरचेच. दाण्यांचा रंग तळाला पिवळसर तपकिरी आणि माथ्याकडे जवळपास काळा. बीजाणूची भिंत तापली की पिवळ्याकडून तपकिरीकडे आणि काळ्याकडे जाते. तेल शोधणारे याच रंगावरून खडक किती तापला ते ठरवतात. इथं वरून आलेल्या लाव्ह्यानं तळ्याचा माथा भाजला, ते मी रंगाच्या पट्टीशी ताडून दाखवू शकते. वरचे दाणे कमी का, याचं उत्तरही बहुधा तेच.

'लाव्ह्यानंतर नेचांची उसळी' हे वाक्य मी मसुद्यात लिहिलं होतं, मॅडमनी त्याखाली रेघ ओढली. एका विहिरीच्या हातभर थरावरून तसं म्हणता येत नाही. ओलसर काठावर नेचे एरवीही पुष्कळ असतात. तशीच विहीर दुसऱ्या ठिकाणी आणि तेच प्रमाण मिळालं तर बोलू. वाक्य काढलं. मध्य भारतातल्या आंतरलाव्हा थरांतून लाव्हा येत गेला तशा वनस्पती बदलत गेल्याचं इतरांनी नोंदवलं आहे, आमचे आकडे त्याशेजारी ठेवता येतील एवढंच लिहिलं.

२४ जानेवारी

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग न धुता बंद करून ठेवला आहे, वर थराची खोली आणि दिशा लिहून. आम्लाची सोय असलेल्या प्रयोगशाळेसाठी मॅडम अर्ज करत आहेत. काकांचा फोन आला होता: शेजारच्या शिवारात एप्रिलमध्ये नवी विहीर धरणार आहेत, आणि राखाडी माती लागली की सुरुंग थांबवून आधी मला कळवायचं असं त्यांनी यारीवाल्यांना सांगून ठेवलं आहे.